उजव्या हाताची किरकोळ रजा

रामलिंग चौगले यांनी भर न्यायालयात उजवा हात वर उचलायला घेतला, तो छातीपर्यंत आला, तिथंच थांबला, आणि चौदा महिने रेंगाळलेला खटला त्या छातीपाशी संपला.

हे घडलेलं नाही. आंबेवळच्या जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात त्या तारखेला सुनावणी झाल्याची नोंद नाही, तेव्हा आपणही ती झाली नाही असंच धरून चालू. सरकारी कागदाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आपण आपलं भाकरीपासून सुरू करू. भाकरी मात्र नक्की झाली होती. एका बाजूनं करपली होती, पण झाली होती.

ती थापली होती प्रणिता जिनगर यांनी, आणि प्रणिताबाईंना भाकरी थापायला कायद्यानं बंदी होती.

आता हा कायदा काय, ते सांगायला हवं. कॅमेऱ्यावरचा विश्वास उडाल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. खोटा व्हिडिओ करणं इतकं सोपं झालं होतं की खरा करण्यात कुणी वेळ घालवेना. बांधाच्या एका भांडणात वादीनं व्हिडिओ दिला, त्यात प्रतिवादी बांध कोरत होता. प्रतिवादीनं दिला, त्यात वादी कोरत होता. तिसरा कुठून आला कुणालाच कळलं नाही, त्यात खुद्द न्यायाधीश फावडं घेऊन उभे होते. तिन्ही व्हिडिओ तपासणीत पास झाले. तेव्हा न्यायालयांनी पडद्याला हात जोडले आणि माणसाकडं वळायचं ठरवलं. पण माणूसही काही कमी खोटं बोलत नाही. अडचण होती.

ती सोडवली डॉ. सकीना मुल्लाणी नावाच्या एका शरीरशास्त्रज्ञ बाईंनी. माणसाचा हात कितीही घट्ट धरला तरी सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतो, हे जुनंच ज्ञान होतं. समोरचा माणूस जड घागर उचलताना पाहिला की बघणाऱ्याच्या खांद्यालाही मेंदूकडून एक पुसटसा हुकूम जातो, हेही माहीत होतं. एरवी तो हुकूम वाटेतच विरतो. मुल्लाणीबाईंनी दाखवून दिलं की ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं समोर बसवून चित्रं काढलीत, त्यांच्यात तो विरत नाही. तो बोटांपर्यंत उतरतो आणि त्या थरथरीत मिसळतो. म्हणजे समोरच्याचं काय दुखतंय, हे चित्रकाराला कळायच्या आधी त्याच्या पेन्सिलीला कळलेलं असतं. बाईंनी दाब आणि कंप मोजणारी एक लेखणी केली. तिनं काढलेल्या रेषेवरून समोरच्या माणसाचा कुठला स्नायू ताठ होता, वजन कुठल्या पायावर होतं, तो काय आवरून धरत होता, हे यंत्राला वाचता येऊ लागलं. आणि जिवंत माणसासमोर जिवंत माणूस बसल्याशिवाय ती थरथर उमटत नव्हती, त्यामुळं ती खोटी करणं अजून तरी कुणाला जमलेलं नव्हतं.

मग कायदा आला. प्रत्येक सुनावणीला शब्दांसाठी टंकलेखक आणि माणसांसाठी रेखालेखक. चित्रावर संध्याकाळी पाचच्या आत शिक्का. शिक्का नाही तर चित्र नाही, चित्र नाही तर सुनावणी नाही. त्या दिवशी न्यायालयात कुणी ढसाढसा रडलं असलं, तरी ते रडलेलं नाही.

प्रणिताबाईंचा उजवा हात हा जिल्ह्यातला एकमेव प्रथम वर्ग प्रमाणित हात. त्याच्या नावानं स्वतंत्र सेवापुस्तक होतं. दर महिन्याला त्याची तपासणी होई, तीत एक स्टूल, एक माठ आणि कोर्टातला एक नाझर असे तीन नमुने काढून दाखवायचे. तिघंही सारखेच स्थिर बसत. हाताची थरथर बिघडू नये म्हणून नियम होते. भाकरी थापू नये. चादरी पिळू नयेत. नारळ फोडू नये. आणि नियम चौदा: प्रमाणित हाताने मनुष्याकृतीचे विपर्यस्त चित्रण करू नये.

भाकरी सुटल्याचं बाईंना दुःख नव्हतं. ती त्यांचा नवरा विश्राम थापायचा. तो बस आगारात गाड्यांच्या वेळा लावायचा, आणि गेल्या नऊ वर्षांत त्याच्या भाकरीला असा काही हात बसला होता की गल्लीतल्या सासवा नव्या सुनांना बघायला पाठवत.

दुःख होतं ते चौदाव्या नियमाचं. बाईंचं जिवाचं चित्रण हे विपर्यस्तच होतं. माणूस घ्यायचा, त्याचं नाक काढून टाकायचं, कपडे, वय, जात, हुद्दा, कपाळावरची आठी, सगळं उतरवत जायचं. मग जे उरतं ते किती वजनाचं आहे आणि कशाच्या आधारानं उभं आहे, एवढंच कॅनव्हासवर ठेवायचं. बघणाऱ्याला वाटे, पोती आहेत. थोडा वेळ बघितलं की वाटे, ह्यातलं एक पोतं आपल्या ओळखीचं आहे.

नियम आल्यावर बाई तीन दिवस कॅनव्हासकडं फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी नियम पुन्हा वाचला. त्यात डाव्या हाताचा उल्लेख नव्हता. नियम करणाऱ्यांच्या तो हात लक्षातच आला नव्हता.

पहिल्या वर्षी डाव्या हाताला ब्रश धरता येईना. दुसऱ्या वर्षी एक रेघ आली, ती कुठं निघाली होती ते तिलाच ठाऊक. चौथ्या वर्षी विश्राम म्हणाला, हे काय आहे कळत नाही पण त्याची पाठ भरून आलेली आहे एवढं दिसतंय. चित्र त्याचंच होतं. नवव्या वर्षापर्यंत वडिलांच्या जुन्या गणपती कारखान्याच्या शेडमध्ये सतरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभे होते, आणि एकाही माणसानं ते पाहिलेले नव्हते, विश्राम सोडून. आठवड्यातले पाच दिवस उजव्या हातानं माणूस जसाच्या तसा उतरवायचा, आणि शनिवार-रविवारी डाव्या हातानं ते सगळं पुसून आतलं ओझं बाहेर काढायचं. एका माणसात दोन चित्रकार ठेवून दोघांनाही उपाशी न मारणं हे सोपं काम नाही. मी मी म्हणणाऱ्यांना एक सांभाळवत नाही. बाईंच्या दोन हातांची एकमेकांशी फारशी ओळख उरली नव्हती. टाळी वाजवताना भेटत, तेवढंच.

आता रामलिंग.

रामलिंग चौगले, वय त्रेपन्न, वायरमन. वीसेक वर्षांपूर्वीच्या पुरात छातीभर पाण्यातून जाऊन खांबावर चढलेला माणूस अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. आरोप असा की सोबती ज्ञानू मगर खांबावर काम करत असताना रामलिंगनं खालून लांब दांड्यानं फ्यूज चढवून तारेत वीज सोडली. दोघांचं आदल्या दिवशी भांडण झालेलं. ज्ञानू वाचला, पण त्या दिवसाचं त्याला काही आठवत नव्हतं. लांबच्या शेतातून एकानं शपथेवर सांगितलं, की उजव्या हातानं दांडा वर करताना मी रामलिंगला पाहिलं. व्हिडिओ अर्थात दोन्ही बाजूंचे होते. ते कुणी पाहिले नाहीत.

रामलिंग चौदा महिने कोठडीत होता आणि मी केलं नाही एवढंच म्हणत होता. दांडा तुझ्या हातात नव्हता कशावरून, असं विचारलं की गप्प. प्रत्येक तारखेला त्याची बायको शांताबाई बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसे. डबा आत न्यायला परवानगी नव्हती. ती बसे, आणि पाचला डबा घेऊन परत जाई. प्रणिताबाईंनी अकरा तारखांना रामलिंगचं चित्र काढलं होतं, आणि अकराही वेळा यंत्राचं वाचन एकच आलं होतं: सर्वसाधारण.

बाराव्या तारखेच्या सकाळी विश्रामला ताप भरला. तापात त्याला भाकरी हवी होती. बाई म्हणाल्या, ब्रेड आणते. तो म्हणाला, आण, माझ्या उशाशी ठेव, मी गेल्यावर कावळ्याला होईल. तेव्हा नऊ वर्षांनी बाईंनी परात पुढं ओढली. भाकरी फुगली, त्या हौसेनं बघायला वाकल्या, भाकरी एका कडेनं फुटली, आणि वाफेनं उजव्या हाताची तीन बोटं भाजली.

नियम स्पष्ट होता. हाताला इजा झाल्यास तत्काळ कळवावे, सुनावणी पुढे ढकलण्यात येईल. अशी ढकललेली सुनावणी रांगेच्या शेवटी जायची, म्हणजे पुढची तारीख चार महिन्यांनी पडायची. आणि इजा कशानं झाली या रकान्यात भाकरी असं लिहावं लागायचं. बाई न्यायालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत कळवायचंच असं ठरवून होत्या. बाकावर शांताबाई डबा घेऊन बसलेली दिसली. बाई तिच्यासमोरून गेल्या आणि कुणालाही काही न कळवता आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

लेखणी सुरू करायला, हात कुणाचा हे तिला पटावं म्हणून, ओळखीची एक रेघ ओढावी लागे. ती त्यांनी उजव्या हातानं ओढली, डोळ्यांत पाणी आलं. रेखालेखकाच्या टेबलाला पुढून उंच फळी असते, म्हणजे आरोपीला आपलं चित्र दिसू नये. त्या फळीआड त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताला जसंच्या तसं काढणं माहीतच नव्हतं. बाईंनी त्याला मनातल्या मनात बजावलं की नाक काढ, निदान कॉलर तरी काढ. त्यानं ऐकलं नाही. शेतातला साक्षीदार बोलत होता, रामलिंग कठडा धरून उभा होता, आणि कागदावर काहीतरी उभं राहत होतं ज्याला तीन गुडघे होते. डावी बाजू भिंतीसारखी जाड झाली. मान तिच्यावर कलली. उजवा खांदा आला तेव्हा हात आपोआप हलका झाला, इतका, की रेघ कागदाला लागेना. उजवी बाही खुंटीवर अडकवलेल्या सदऱ्यासारखी नुसती लोंबत राहिली. तिच्यात काहीच नव्हतं.

पाचला दहा कमी असताना शिरस्तेदार घनवट शिक्का घेऊन आले. त्यांनी कागद सरळ धरून पाहिला, मग उलटा धरून.

"मॅडम, यात आरोपी कुठला आणि कठडा कुठला?"

"दोघं एकमेकांच्या आधारानं आहेत."

घनवटांनी घड्याळाकडं पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत ते एवढं शिकले होते की पाचच्या आत शिक्का मारता येतो किंवा विचार करता येतो. त्यांनी शिक्का मारला.

तीन दिवसांनी वाचन आलं. बाईंच्या उजव्या हाताची विश्वासार्हता नेहमी सत्तर टक्क्यांच्या आसपास असे, आणि तेवढीही राज्यात नावाजलेली होती. या चित्राची सत्त्याण्णव आली. खाली लिहिलं होतं: उजव्या खांद्यात हालचाल जवळजवळ नाही. दीर्घकाळापासून. हात छातीच्या वर उचलण्याची क्षमता नाही. लपवण्याचा प्रयत्न तीव्र. सोबत मुख्यालयाचं पत्र होतं. प्रणिता जिनगर यांच्या उजव्या हाताला त्या वर्षीचा उत्कृष्ट हात पुरस्कार जाहीर झाला होता. उजव्या हाताला त्या वेळी मलम लावून पट्टी बांधलेली होती.

बाई घरी आल्या आणि पत्र विश्रामच्या पांघरुणावर टाकून भिंतीशी बसल्या. त्यांना पुरस्काराचं काही नव्हतं. त्यांना अकरा चित्रं आठवत होती. अकराही वेळा रामलिंगचा तो खांदा त्यांना खाली उतरलेला दिसला होता, आणि अकराही वेळा सभ्य, प्रशिक्षित, प्रथम वर्ग उजव्या हातानं तो डाव्याच्या रेषेत सरळ करून दिला होता. जसं दुकानात कुणाची विस्कटलेली कॉलर आपण नीट करतो तसं. चित्र छान दिसावं म्हणून. त्या छान दिसण्यात एक माणूस चौदा महिने आत होता.

वाचन आल्याबरोबर सरकारी वकिलांनी अर्ज दिला होता, की चित्र मनुष्याचे नाही, रेखालेखकाची शपथेवर तपासणी व्हावी. अर्ज मंजूर होऊन दुसऱ्याच दिवसाची तारीख पडली होती. प्रश्न काय येणार हे उघड होतं. हे प्रमाणित हाताने काढले का.

"हो म्हण," विश्राम म्हणाला. ताप उतरला होता, त्यामुळं तो स्पष्ट बोलत होता. "दोन्ही हात तुझेच आहेत की. खोटं कुठं आहे त्यात?"

"प्रमाणित विचारतील."

"मग तरी हो म्हण. नाही म्हटलंस तर चित्र बाद, तो माणूस आत, तू घरी. हो म्हटलंस तर तो बाहेर आणि तुला वर बक्षीस. प्रणिता, माझ्या आगारातलं सगळ्यात गोंधळलेलं वेळापत्रक पण यापेक्षा सोपं असतं."

हिशेब चोख होता, आणि बाईंना तो पटतही होता. पण त्या गणपती कारखान्यात वाढलेल्या होत्या. वडील हजारो मूर्तींचे डोळे आखायचे. म्हातारपणी हात हलायला लागला तेव्हा डोळे भाचा आखू लागला. गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं की आबा दारातच सांगायचे, घडण माझी आहे, डोळे माझे नाहीत, भाच्याचे आहेत, चालत असेल तर न्या. कुणी विचारलेलं नसायचं. आई चिडायची, की कशाला सांगता, दिसतंय का कुणाला. आबा म्हणायचे, डोळ्याला न दिसणारी गोष्टच आपण विकतो, तीच खोटी असली तर मग नुसती माती राहिली.

बाईंनी विश्रामला हे सांगितलं. त्यानं पत्राची घडी घालून उशाखाली ठेवली. मग म्हणाला, "उद्या भाकरी मी करतो."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जो दिवस झालाच नाही त्या दिवशी, न्यायाधीश गौतमी ओव्हाळ यांच्यासमोर प्रणिताबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ओव्हाळबाईंबद्दल वकीलमंडळी म्हणत की त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखण्यापेक्षा भिंतीवरून ओळखलेला बरा. सरकारी वकिलांनी चित्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"यात आरोपीला तीन गुडघे आहेत."

"तिसरा कठड्याचा आहे," बाई म्हणाल्या. "ते तिघं मिळून उभे होते."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकिलांनी पुढं विचारलं की चेहरा कुठं आहे. बाई म्हणाल्या, त्याच्यावर वजन नव्हतं. मग वकिलांनी कागद टेबलावर ठेवला आणि अगदी मऊ आवाजात, जणू चहा घेणार का म्हणून विचारावं तसं विचारलं, "हे चित्र तुमच्या प्रमाणित हातानं काढलेलं आहे?"

आरोपीच्या पिंजऱ्यात रामलिंग मान खाली घालून उभा होता. त्याच्या वकिलांनी त्याला समजावून सांगितलं होतं की बाईंच्या एका शब्दावर सगळं आहे. बाईंनी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या हातानं अकरा चित्रं काढली, ती चुकली. हे डाव्या हातानं काढलंय. हे बरोबर आहे. पण हा हात तुमचा नाही, माझा आहे."

ओव्हाळबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चित्र नोंदीतून वगळण्यात येत आहे, त्या दिवशीची सुनावणी झाली नाही असे समजण्यात यावे, असं त्यांनी सांगितलं. दुसरं काही सांगणं त्यांच्या हातात नव्हतं. सरकारी वकील खाली बसले. शांताबाईला आत काय झालं ते कळलं नव्हतं, पण दारातून तिनं नवऱ्याच्या वकिलाचा चेहरा पाहिला आणि डबा मांडीवरून उचलून बाकावर ठेवला.

तेव्हा रामलिंग बोलला. चौदा महिन्यांत तो आपणहून पहिल्यांदाच बोलत होता.

"बाई, तुम्ही तुमचा हात सांगितला. आता माझा पण सांगतो."

आणि त्यानं उजवा हात उचलायला घेतला. आधी मनगट हललं. मग कोपर अंगाला घासत पुढं आलं. छातीपर्यंत येऊन हात थांबला. रामलिंगच्या कपाळावर घाम आला, मान डावीकडं कलली, डाव्या हातानं त्यानं कठडा धरला, डावं अंग भिंतीसारखं ताठ झालं. हुबेहूब त्या वगळलेल्या चित्रासारखा तो उभा होता. सरकारी वकिलांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि कागद उलटा करून ठेवला.

दोन वर्षं झाली, रामलिंग सांगत होता. खांदा आखडलाय. दांडा माझ्या वाटणीचा सोबती उचलायचे, आणि कामाच्या कागदावर माझ्या नावानं सह्याही करायचे. ज्ञानू पण उचलायचा, म्हणून तर भांडण झालं, तो म्हणाला साहेबांना सांगून मोकळा हो. सांगितलं असतं तर माझ्यासाठी खोट्या सह्या केल्या म्हणून त्या सगळ्यांची नोकरी गेली असती. आणि गावाला कळलं असतं. पुरात खांबावर चढलेला रामलिंग आता पंख्याचं बटण पण डाव्या हातानं दाबतो.

मग शिरस्तेदार घनवट खाकरले. त्यांनी रेखालेखकाच्या खुर्चीकडं बोट केलं. खुर्ची रिकामी होती. रेखालेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होत्या.

"बाईसाहेब, आजचं चित्र कुणी काढत नाहीये."

टंकलेखक म्हणाला, बाईंना खाली बसवून आत्ता काढता येईल, पाचला अजून वेळ आहे. ओव्हाळबाईंनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्याची बोटं कळफलकावरून उतरली.

"चित्र नाही, म्हणजे आजही सुनावणी नाही," त्या म्हणाल्या. "आरोपीनं काही सांगितलेलं नाही. त्याच्या सोबत्यांबद्दल तर मुळीच नाही. न्यायालयानं काही पाहिलेलं नाही. फक्त गेल्या चौदा महिन्यांत आरोपीची वैद्यकीय तपासणी झालेली नाही, हे न्यायालयाच्या आत्ताच, अगदी अचानक, लक्षात आलं आहे. उद्या सकाळी व्हावी. खांद्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही."

आणि त्या उठून आत गेल्या. एवढ्या सरळ चेहऱ्यानं एवढं वाकडं काम करणारा माणूस आंबेवळनं पुन्हा पाहिला नाही. म्हणजे तेव्हाही पाहिला नाहीच.

पुढं सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी खांद्याचा दाखला दिला. सोबत्यांचं नाव कागदावर कधी आलंच नाही. शेजारच्या जिल्ह्यातून बदली रेखालेखक आला, त्याच्या चित्रात न्यायाधीशांपासून आरोपीपर्यंत सगळे त्याच्या मेहुण्यासारखे दिसत, पण शिक्का पाचच्या आत बसला आणि रामलिंग सुटला. फ्यूज कुणी चढवला तेही यथावकाश निघालं. मळ्यातल्या मोटारीला वीज यायला उशीर झाला म्हणून एका घाईच्या माणसानं बांबूनं चढवला होता, खांबावर कुणी आहे का हे न बघता. शपथेवर रामलिंगला पाहिलेला साक्षीदार तोच होता.

प्रणिताबाईंवर चौकशी समिती बसली. तीन सदस्य, चार बैठका. अहवाल असा: डावा हात शासकीय सेवेत नसल्याने त्याच्यावर कारवाई करता येत नाही. उजव्या हाताने त्या दिवशी ओळखीच्या रेघेपलीकडे काहीही केले नसल्याने त्याच्यावरही कारवाई करता येत नाही. उर्वरित व्यक्तीचा प्रकरणाशी संबंध आढळून आला नाही. भाकरीबाबत सक्त ताकीद. पुरस्कार उजव्या हाताकडेच राहील, कारण परत घेण्याची तरतूद नाही. मात्र यापुढे प्रमाणित हाताने विपर्यस्त मनुष्याकृतींच्या सान्निध्यातही राहू नये.

म्हणजे बाईंना शेडमध्ये जाता येईना. निदान सगळ्याच्या सगळ्या जाता येईना.

तरी प्रदर्शन झालं. नऊ वर्षांत पहिलं. गणपती कारखान्याच्या शेडमध्येच, सतरा कॅनव्हास आणि अठरावा एक कागद. हा कागद घनवटांनी पिशवीतून आणून दिला होता. जी सुनावणी झालीच नाही तिचं चित्र दप्तरात कसं राहील, बेवारस कागद आहे, म्हणाले. शिक्का तेवढा पुसता आला नाही, म्हणून माफीही मागितली. मग ते अठरा चित्रांसमोरून सावकाश फिरले आणि एका पोत्यासमोर थांबून म्हणाले, हा शिक्का धरलेला हात माझा आहे का. होता.

बाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. डावं अंग आत, उजवा हात चौकटीबाहेर. नियमाचा भंग होऊ नये म्हणून विश्राम बाहेर स्टुलावर बसून होता आणि त्यानं तो हात धरून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगत होता की हा सरकारी आहे, याला आत परवानगी नाही, मी सोबतीला आहे.

दुपारी रामलिंग आला. शांताबाई डबा घेऊन बरोबर. या वेळी डबा आत नेऊ दिला. रामलिंग अठराव्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हा मी आहे होय?"

"होय," बाई म्हणाल्या.

"खांदा बरोबर आलाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "लोकांनी बघितला तरी चालतोय आता."

निघताना त्याला नमस्कार करायचा होता, पण त्याचा उजवा हात तेवढा वर येत नव्हता. बाईंनाही करायचा होता, पण त्यांचा उजवा हात बाहेर विश्रामच्या हातात होता. तेव्हा तिकडून एक डावा तळवा वर आला आणि इकडून एक डावा तळवा वर आला, आणि दोघांचा मिळून एक नमस्कार झाला.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस अजून बाकी आहे. त्यासाठी दिलेला अर्ज न्यायालयाच्या आवक विभागात पडून आहे. त्यावर निर्णय कुणी घ्यायचा याचा निर्णय अजून झालेला नाही, आणि होईल असं घनवटांनाही वाटत नाही. अक्षर थोडं डावीकडं झुकलेलं आहे, पण वाचता येतं.

प्रति,
मा. प्रबंधक,
जिल्हा न्यायालय, आंबेवळ.

विषय: उजव्या हातास एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आपल्या आस्थापनेवरील प्रथम वर्ग प्रमाणित उजवा हात व अर्जदार हे गेली चव्वेचाळीस वर्षे एकाच पत्त्यावर वास्तव्यास आहेत. गेल्या नऊ वर्षांत अर्जदाराने केलेले काम सदर हाताने एकदाही पाहिलेले नाही. तो स्वभावाने सभ्य असून चित्रांना हात लावणार नाही, याची हमी देण्यात येते. खांदे सरळ करणार नाही, याचीही देण्यात येते.

तरी सदर हातास प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी आत येऊन चित्रे पाहण्यासाठी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. रजाकाळात त्याचा कार्यभार अर्जदार सांभाळील. पूर्वानुभव आहे.

आपला नम्र,
डावा हात
(प्रणिता जिनगर यांचा)